सत्य सापडले, पण कोणासाठी? : व्हिक्टोरियन गुप्तहेरकथेचे आकर्षण आणि एक नैतिक प्रश्न

१

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गाला कथनमीमांसा शिकवताना मी आर्थर कॉनन डॉइल यांची 'द साइन ऑफ फोर' (१८९०) ही कादंबरी उदाहरणादाखल घेतली होती. गुन्ह्याची कथा आणि शोधाची कथा अशा दोन कथा एकाच संहितेत कशा नांदतात, हे त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ साली मांडलेले सूत्र मी फळ्यावर आकृती काढून समजावून सांगितले. तास संपता संपता एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, तो खजिना कोणाचा होता?" मी कथानकातले उत्तर दिले. त्यावर ती म्हणाली, "तो कोणी कोणी पळवला, ते कळलं. मी मालकाबद्दल विचारते आहे."

ही कादंबरी मी शाळकरी वयापासून अनेकदा वाचली होती; तिच्यावर परीक्षेला प्रश्नही काढले होते. तरीही हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ज्या वाङ्मयप्रकाराची सारी प्रतिष्ठा 'काहीही नजरेतून सुटू न देणे' या गुणावर उभी आहे, त्या प्रकारातली एवढी ढळढळीत गोष्ट वाचकाच्या नजरेतून वर्षानुवर्षे सुटावी, याचा अर्थ कसा लावायचा? आणि ती सुटते म्हणूनच तर वाचनाचा आनंद टिकून राहत नाही ना? प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

२

गुप्तहेरकथेचे आकर्षण का टिकून आहे, याची काही उत्तरे समीक्षेच्या परिचयाची आहेत. डब्ल्यू. एच. ऑडेन यांनी १९४८ सालच्या आपल्या प्रसिद्ध निबंधात या आकर्षणाचे मूळ अपराधभावनेत शोधले. वाचकाच्या मनात एक अस्पष्ट पापजाणीव असते. कथेच्या शेवटी दोष एका व्यक्तीवर निश्चित होतो, बाकीचे सारे निर्दोष ठरतात आणि त्या निर्दोषांच्या रांगेत वाचकही जाऊन उभा राहतो. फ्रँको मोरेत्ती यांनी हेच निदान सामाजिक अंगाने मांडले. अपराध व्यक्तिनिरपेक्ष, म्हणून सामूहिक असू शकेल ही शंका दूर सारणे हे या वाङ्मयप्रकाराचे कार्य आहे, असे त्यांचे म्हणणे. डी. ए. मिलर यांनी १९८८ साली व्हिक्टोरियन कादंबरी आणि पोलिसी नजर यांचे साटेलोटे दाखवून दिले.

या तिन्ही विवेचनांत तथ्य आहे; परंतु 'ढळलेली व्यवस्था शेवटी पूर्ववत होते' असे एक गृहीत त्यांचा आधार घेऊन आपल्याकडे सरसकट वापरले जाते, आणि ते व्हिक्टोरियन संहितांना पुरतेपणी लागू पडत नाही. दोन महायुद्धांच्या दरम्यान बहरलेल्या इंग्रजी रहस्यकथेचे वर्णन म्हणून ते चालेल. होम्सकथांत मात्र व्यवस्था आणि सत्य यांचे नाते असे सरळ नाही. 'द ब्लू कार्बंकल' (१८९२) या कथेत होम्स रत्नचोराला खोलीचे दार उघडून चक्क जाऊ देतो. तुरुंगात गेला तर हा माणूस कायमचा गुन्हेगार बनेल, आणि ज्या निरपराध नळकारागिरावर आळ आला आहे त्याच्याविरुद्धचा खटला आता टिकणार नाही, असा त्याचा हिशेब असतो. 'द अ‍ॅबी ग्रेंज' (प्रकाशन १९०४ चे, पण कथाकाल १८९७) या कथेत दारुड्या आणि क्रूर पतीला ठार करणाऱ्या दर्यावर्दीचा निवाडा होम्सच्या बैठकीतच होतो. वॉटसन पंच, होम्स न्यायाधीश, आणि आरोपी निर्दोष. 'चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन' (१९०४) मध्ये तर खून डोळ्यांदेखत घडतो आणि होम्स पोलिसांना साहाय्य करण्याचे नाकारतो.

म्हणजे सत्यशोधन आणि दंड यांची येथे फारकत झालेली आहे. शोध होम्सचा, दंड सरकारचा; आणि दोहोंच्या मध्ये एका खाजगी माणसाची सदसद्विवेकबुद्धी उभी आहे. वाचकाला भावते ती हीच मधली जागा, असे माझे मत आहे.

या जागेला इतिहास आहे. लंडनच्या महानगर पोलिसांत गुप्तहेरांचा स्वतंत्र विभाग १८४२ साली स्थापन झाला. चार्ल्स डिकन्स यांनी 'ब्लीक हाउस'मध्ये (१८५२-५३) इन्स्पेक्टर बकेट रंगवला तेव्हा या नव्या व्यवसायाबद्दल जनमानसात कुतूहल होते. पण विश्वास होताच असे नाही. १८६० साली रोड हिल हाउस येथे एका लहान मुलाचा खून झाला. इन्स्पेक्टर व्हिचर यांनी घरातल्याच सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला. प्रतिष्ठित कुटुंबाच्या अंतःपुरात एका सामान्य घरातल्या पोलिसाने डोकवावे, यावर गदारोळ उठला आणि व्हिचर यांची कारकीर्द झाकोळली. १८६५ साली त्याच मुलीने गुन्हा कबूल केला. पुढे १८७७ साली गुप्तहेर विभागातले वरिष्ठ अधिकारीच लाचखोरीत अडकल्याचे उघड झाले आणि दुसऱ्या वर्षी विभागाची पुनर्रचना करावी लागली. होम्स १८८७ साली अवतरतो तो या पार्श्वभूमीवर. वाचकाला सत्य हवे होते, पण ते उघडकीस आणणाऱ्या सत्तेची भीती आणि संशयही होता. सरकारी पगारावर नसलेला, कुतूहलापोटी काम करणारा, प्रसंगी दया दाखवू शकणारा शोधक हा या पेचावरचा वाङ्मयीन तोडगा होता. तो पेच आपलाही सुटलेला नाही. या कथांच्या दीर्घायुष्याचे एक कारण तेथे आहे.

३

दुसरे कारण ज्ञानप्रक्रियेशी निगडित आहे. होम्सच्या पद्धतीला तो स्वतः निगमन म्हणत असला, तरी ती निगमन नव्हे, हे चार्ल्स पर्स यांच्या तर्कविचाराच्या आधारे अनेकांनी दाखवले आहे. उम्बेर्तो एको आणि टॉमस सेबिऑक यांनी १९८३ साली संपादित केलेला ग्रंथ या संदर्भात सुपरिचित आहे. भारतीय परंपरेतल्या वाचकाला मात्र यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. नदीचे गढूळ, फुगलेले पाणी पाहून वरच्या अंगाला पाऊस झाला असावा असे जाणणे, हे न्यायदर्शनातले शेषवत् अनुमान. कार्यावरून कारणाकडे जाणारे. दिवसा न जेवणारा देवदत्त लठ्ठ दिसतो, तेव्हा तो रात्री जेवत असला पाहिजे, ही मीमांसकांची अर्थापत्ती. दिसणाऱ्या विसंगतीचा उलगडा करण्यासाठी न दिसणारी गोष्ट मानणे. होम्सची पद्धत बव्हंशी या दोहोंच्या जवळची आहे. नैयायिकांनी मात्र अनुमानाबरोबर हेत्वाभासांचेही विवेचन केले. हेतू नुसता हेतूसारखा दिसत असेल तर काय, हा प्रश्न त्यांनी टाळला नाही. होम्सकथेत हेत्वाभासाला फारशी जागा नाही. बुटावरचा चिखल एकाच रस्त्याचा असतो, मनगटावरची खूण एकाच व्यवसायाची असते.

तर्कदृष्ट्या हा दोष म्हणावा लागेल. परंतु आकर्षण येथेच आहे, आणि ते केवळ बौद्धिक नाही. कार्लो गिन्झबुर्ग यांनी १९७९ सालच्या आपल्या निबंधात चित्रपारखी मोरेल्ली, फ्रॉइड आणि होम्स यांना एका रांगेत बसवून क्षुल्लक तपशिलावरून अर्थाकडे जाणाऱ्या ज्ञानपद्धतीचा वेध घेतला. त्या विवेचनाला मी एक नैतिक पुस्ती जोडू इच्छितो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातले लंडन हे लाखो अनोळखी माणसांचे शहर होते. अशा शहरात बेकर स्ट्रीटवर एक माणूस बसलेला आहे. त्याच्या दारात येणाऱ्या टंकलेखिकेची बाही, गहाणवट घेणाऱ्या दुकानदाराचा हात, दाईची चाल तो लक्षपूर्वक पाहतो आणि तिच्या किंवा त्याच्या आयुष्याला अर्थ आहे असे गृहीत धरतो. आपल्याकडे कोणीतरी इतक्या बारकाईने पाहावे, आपली झीज कोणीतरी वाचावी, ही माणसाची फार जुनी आस आहे. ती पूर्वी देवाकडे होती, पुढे वैद्याकडे गेली. डॉइल स्वतः वैद्य होते आणि एडिंबरा येथील त्यांचे गुरू जोसेफ बेल हे रुग्णाला पाहताच त्याचा व्यवसाय ओळखीत, हा योगायोग नव्हे. या कथांनी वाचकाला अवधानाचे आश्वासन दिले: कोणताही तपशील क्षुद्र नाही, म्हणून कोणतेही माणूस क्षुद्र नाही.

या आश्वासनाचा दुसरा अर्धा भाग खरा आहे काय, हा आता प्रश्न आहे.

४

'द स्पेकल्ड बँड' (१८९२) ही बहुधा सर्वांत लोकप्रिय होम्सकथा. तिच्यातला डॉक्टर रॉयलॉट किती भयंकर माणूस आहे हे सांगताना त्याची सावत्र मुलगी सांगते की, कलकत्त्यास असताना घरात चोऱ्या झाल्याच्या रागातून त्याने आपल्या एतद्देशीय बटलरला मारहाण करून ठार केले, फाशीतून तो थोडक्यात सुटला आणि दीर्घ तुरुंगवास भोगून परत आला. हे सारे एका वाक्यात येते आणि जाते. त्या नोकराला नाव नाही. तो चोर होता की नव्हता, हे कोणी विचारीत नाही. इंग्लंडमधल्या एका तरुणीच्या मृत्यूचे कोडे सोडविण्यासाठी आख्खी कथा खर्ची पडते. कलकत्त्यातला मृत्यू हा रॉयलॉटच्या स्वभावचित्रणाचा केवळ एक फटकारा आहे. येथे न्यायालयाने दखल घेतली, शिक्षा झाली, हे खरेच. परंतु कायद्याने दखल घेणे वेगळे आणि कथनाने दखल घेणे वेगळे. कथनाच्या लेखी तो मृत्यू कोडे ठरण्याच्या योग्यतेचा नाही.

आता त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाकडे वळू. 'द साइन ऑफ फोर'मधला खजिना उत्तरेकडच्या एका राजाचा. १८५७ च्या उठावात दोन्ही पक्षांशी संधान राखण्यासाठी तो निम्मे जवाहीर आग्र्याच्या किल्ल्यात सुरक्षित ठेवण्याचे ठरवतो आणि अख्मत नावाच्या व्यापाऱ्याच्या वेषातल्या सेवकाकरवी ते पाठवतो. दारावरचे पहारेकरी अख्मतचा खून करून पेटी लपवतात. खून उघडकीस येतो, चौघांना शिक्षा होते. पण राजा पदच्युत होऊन देशाबाहेर घालवला गेल्यामुळे जवाहिराची चौकशी कोणी करीत नाही. अंदमानातले दोन इंग्रज अधिकारी त्यात वाटेकरी होतात. त्यांतल्या एकाची कन्या मेरी मॉर्स्टन ही कादंबरीत त्या खजिन्याची न्याय्य वारस मानली जाते. तिचा हक्क कशातून आला? बंदिवानांशी केलेल्या सौद्यातल्या वडिलांच्या हिश्शातून. शेवटी जोनाथन स्मॉल ते जवाहीर थेम्स नदीत विखरून टाकतो आणि वॉटसन देवाचे आभार मानतो, कारण आता त्याच्या आणि मेरीच्या मध्ये संपत्तीची भिंत उरलेली नाही.

डॉइल यांच्यावर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. स्मॉल जेव्हा अख्मतच्या खुनाची हकीकत बेफिकीरपणे सांगतो, तेव्हा वॉटसनला त्याची शिसारी येते आणि होम्सच्या चेहऱ्यावरही तोच भाव दिसतो. संवेदना आहे. पण ती खुन्याविषयीच्या घृणेपाशी थांबते. खजिन्याच्या मालकीपर्यंत पोचत नाही. सिगारच्या राखेवर प्रबंध लिहिणाऱ्या शोधकाला 'हे कोणाचे?' हा प्राथमिक प्रश्न सुचत नाही. त्याच कादंबरीत ज्यांना शीख सैनिक म्हटले आहे त्यांची नावे महोमेट सिंग आणि अब्दुल्ला खान अशी आहेत, आणि या विसंगतीवर कोणतेही अनुमान बेतले जात नाही. टोंगा या अंदमानी माणसाविषयीचे होम्सचे ज्ञान तर एका भूवर्णनकोशातून आलेले आहे. लंडनच्या माणसाला तो व्यक्ती म्हणून वाचतो, अंदमानच्या माणसाला जात म्हणून. टोंगा गोळी लागून थेम्समध्ये बुडतो आणि त्याच्या मृत्यूची चौकशी होत नाही.

तेव्हा अवधानाचे आश्वासन सार्वत्रिक नव्हते. त्याला सीमा होती, आणि ती साम्राज्याच्या सीमेशी बरीच जुळत होती.

५

यावर एक आक्षेप संभवतो. आजची नैतिक जाणीव १८९० च्या संहितेवर लादणे हा कालविपर्यास नव्हे काय? प्रश्न त्या काळी सुचण्यासारखाच नसता, तर आक्षेप मान्य करावा लागला असता. परंतु तो बावीस वर्षे आधी सुचला होता. विल्की कॉलिन्स यांची 'द मूनस्टोन' ही कादंबरी १८६८ साली डिकन्स यांच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. टी. एस. एलियट यांनी जिला इंग्रजीतली पहिली आणि सर्वोत्तम गुप्तहेरकादंबरी म्हटले, ती हीच. तिचा प्रारंभ इंग्लंडमधल्या वाड्यात होत नाही. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडले तेव्हाच्या लुटीत होतो. हिऱ्याचे रक्षण करणाऱ्यांना एक इंग्रज अधिकारी ठार मारतो आणि हिरा लांबवतो. यॉर्कशायरमधल्या वाड्यातून तो पुढे नाहीसा होतो तेव्हा वाचकाला आधीच ठाऊक असते की, जी चोरी शोधायची आहे ती मुळात दुसरी चोरी आहे.

कॉलिन्स यांनी पुढे जे केले ते अधिक अर्थपूर्ण आहे. हिरा शोधण्यासाठी सर्वांत जास्त धडपडणारा फ्रँकलिन ब्लेक अखेर रंगाचा डाग पडलेला नाइटगाउन शोधून काढतो आणि त्यावर त्याचेच नाव असते. नकळत दिल्या गेलेल्या अफूच्या अमलाखाली हिरा त्यानेच उचललेला असतो. शोधक आणि चोर एकच निघतात. अफू आणि हिरा, दोन्ही पूर्वेकडून आलेले. हे वाचकाने ध्यानात घ्यावे अशीच रचना आहे. कोड्याचा उलगडा करतो तो एझ्रा जेनिंग्ज, मिश्र वंशाचा, समाजाने दूर लोटलेला वैद्यकसाहाय्यक. हिरा शेवटी इंग्लंडमध्ये राहत नाही. त्याचा माग काढणारे तीन ब्राह्मण, ज्यांनी त्यासाठी आपली जात गमावली, तो सोमनाथाच्या मूर्तीच्या कपाळी परत बसवतात. त्यांनीही त्यासाठी खून केलेला आहे. कॉलिन्स त्यांना निष्पाप ठरवीत नाहीत. पण मालकीचा प्रश्न ते विचारतात आणि त्याचे उत्तर कथानकाच्या शेवटाने देतात.

म्हणजे या वाङ्मयप्रकाराच्या उगमापाशी एक मोठी नैतिक शक्यता होती: शोध स्वतःच्या दारापर्यंत नेण्याची. होम्सकथेने पद्धत धारदार केली, पण ही शक्यता बव्हंशी सोडून दिली. लोकप्रियतेत जिंकली ती धारदार पद्धत. मोरेत्ती यांचे निदान 'द मूनस्टोन'पेक्षा होम्सकथेला अधिक लागू पडते ते यामुळेच.

६

डॉइल यांच्या आयुष्यात मात्र सोडून दिलेला तो प्रश्न दाराशी आला. जॉर्ज एडलजी हे स्टॅफर्डशायरमधल्या ग्रेट वर्ली गावच्या धर्मोपदेशकाचे पुत्र. त्यांचे वडील शापुरजी एडलजी हे मुंबईचे पारशी. ख्रिस्ती धर्म स्वीकारून ते इंग्लंडला गेले होते. १९०३ साली त्या परिसरात जनावरांना निर्घृणपणे जखमी करण्याचे प्रकार घडले आणि पेशाने सॉलिसिटर असलेल्या जॉर्ज यांना सात वर्षांची सक्तमजुरी झाली. तीन वर्षांनी त्यांची सुटका झाली, पण दोष कायम होता. डॉइल त्यांना एका हॉटेलात भेटायला गेले तेव्हा ते वर्तमानपत्र अगदी डोळ्यांजवळ धरून, किंचित तिरपे वाचत बसलेले होते. ज्याची दृष्टी इतकी अधू, तो अंधाऱ्या रात्री शेते तुडवीत असले कृत्य कसे करील? हे अनुमान होम्सला शोभेल असेच होते. १९०७ च्या जानेवारीत डॉइल यांनी 'डेली टेलिग्राफ'मधून सारे प्रकरण मांडले.

पुढे जे झाले ते होम्सकथेत बसणारे नाही. सरकारने चौकशी समिती नेमली. जनावरे जखमी केल्याच्या आरोपातून जॉर्ज यांना क्षमा मिळाली. परंतु निनावी पत्रे त्यांनीच लिहिली असावीत, म्हणून या संकटाला ते स्वतःच अंशतः जबाबदार आहेत, असे ठरवून नुकसानभरपाई नाकारण्यात आली. न केलेल्या गुन्ह्याची क्षमा! फौजदारी अपील न्यायालय त्याच वर्षी, १९०७ मध्ये, स्थापन झाले आणि त्यामागे या प्रकरणाचाही वाटा होता, हे खरे. पण ज्या माणसाने तीन वर्षे तुरुंगात काढली, त्याचा हिशेब पुरा झाला नाही. सत्य वर्तमानपत्रात छापून आले होते. न्याय मात्र निम्म्या वाटेवर थांबला.

या प्रकरणात लक्षात घेण्याजोगे दुसरे असे की, जॉर्ज यांच्यावर संशय घेणाऱ्यांनीही चिन्हेच वाचली होती: त्यांचा वर्ण, त्यांचे नाव, त्यांचे मोठे दिसणारे डोळे. वाचन दोन्ही बाजूंनी झाले. टोंगाला कोशातून वाचणारी दृष्टी आणि एडलजींना वर्णावरून वाचणारी दृष्टी यांत प्रकारभेद नाही. सतरा वर्षांपूर्वी कादंबरीत जो हेत्वाभास निर्धास्तपणे वापरला, त्याच्याशीच डॉइल यांना प्रत्यक्षात झुंजावे लागले, आणि ते प्रामाणिकपणे झुंजले.

७

तर या कथांचा आनंद सोडून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते मला जमणारही नाही. वर सुचवलेली दोन कारणे, शोध आणि दंड यांच्यामधली सदसद्विवेकाची जागा आणि प्रत्येक तपशील लक्षपूर्वक वाचण्याचे आश्वासन, या दोहोंत मानवी मूल्य आहे. ती खोटी ठरत नाहीत. ती अपुरी पाळली गेली, इतकेच. आणि ती अपुरी आहेत हे आपल्याला कळते ते त्यांच्याच मापाने मोजल्यावर. 'काहीही सुटू देऊ नका' असे या कथांनीच वाचकाला शिकवले; त्या शिकवणीचा उपयोग त्यांच्यावरच केला की कलकत्त्यातला बिननावाचा नोकर दिसू लागतो.

मराठी वाचकाच्या बाबतीत हे विशेष लागू आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचून वाढलेल्या पिढ्यांनी होम्सही त्याच आवडीने वाचला आणि वाचताना स्वतःला वॉटसनच्या शेजारच्या खुर्चीत बसवले. आग्र्याच्या किल्ल्यातला अख्मत भूगोलाने आपल्याला जवळचा; पण खुर्ची बेकर स्ट्रीटवर असल्याने तो दूरचा वाटला. हे वसाहतवादाचे फळ आहे असे म्हणून मोकळे होता येईल. मला ते पुरेसे वाटत नाही. कथा आपल्याला ज्या खुर्चीत बसवते तेथून दिसणारा मृत्यूच तेवढा मृत्यू मानायचा, ही सवय कोणत्याही समाजाच्या वाचकाला लागू शकते. आपल्या वर्तमानपत्रांतल्या खुनांच्या बातम्या आपण कोणत्या खुर्चीतून वाचतो आणि कोणाचा मृत्यू आपल्याला कोडे वाटतो, हे प्रत्येकाने तपासून पाहावे.

त्या दिवशी विद्यार्थिनीला मी "हा प्रश्न आपल्या अभ्यासक्रमाच्या कक्षेबाहेरचा आहे" असे उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे होते. तो प्रश्न त्या कादंबरीच्या आतलाच होता; तिच्या पहिल्या वाचनापासून माझ्या समोर होता.